पैसे पडले का वं माय?

वाचकांचे सवाल, ताईचे जवाब

या महिन्यात आलेली पत्रं अन् मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर, खात्यात पडणारे सरकारी पैसे. सगळे छापले तर अंकच भरून जाईल, म्हणून चार निवडले. नावं कोणाचीच देत नाही, गावात उगाच चर्चा नको.

सवाल : ताई, माझ्या जावेले लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात अन् मले पाचशेच. दोघीचा फारम एकाच दिवशी एकाच पोरानं भरला. त्यानं माझे हजार खाल्ले का? (शेतकरी बाई, तालुका राळेगाव)

ताई : नाही वं बाई, त्या पोराच्या मागं नको लागू. तुझ्या नावानं सातबारा आहे ना? म्हणजे तुला पीएम किसानचे वर्षाला ६००० अन् राज्याच्या नमो शेतकरीचे ६००० येत असतील, झाले १२०००, महिन्याला १००० पडले. अन् नियम असा आहे की शेतकरी योजनेचे हे पैसे ज्या बाईला मिळतात तिला लाडकी बहीणमधून वरचा फरक तेवढा द्यायचा, म्हणून तुझे ५००. जावेच्या नावावर जमीन नाही, तिला पूर्ण १५००. हिशेब बरोबर आहे, कोणी खाल्लं नाही. पण मला यात एक खुपतं, बाईच्या नावानं जमीन करा म्हणून आम्ही बचत गटाच्या बैठकीत घसा कोरडा करत होतो, अन् जिच्या नावानं झाली तिलाच आता जावेसमोर कमी मिळाल्यासारखं वाटते. जावेचे महिन्याला येतात, तुझे दोन-दोन हजाराच्या हप्त्यानं, म्हणून तुझे दिसत नाहीत एवढंच. पासबुक भरून आण, सापडतील.

अन् ज्यांनी लिहिलंय की पैसे आलेच नाहीत, मंजूर दाखवते पण खात्यात नाही, त्यांनी आधी हे बघा की आधार कोणत्या बँकेला जोडलंय. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खाते नंबरवर जाईलच असं नाही, आधार शेवटी ज्या बँकेत डीबीटीसाठी सीडिंग (जोडणी) झालं तिथं जातो. कोणी तरी मेळाव्यात झीरो बॅलन्सचं खातं उघडून दिलं, तुम्ही विसरून गेले, अन् पैसा तिकडं जाऊन बसलेला असतो. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसते, गावातल्या सीएससीवाल्याला (ऑनलाईन कामाच्या केंद्रवाल्याला) बघायला सांगा.

सवाल : नमस्कार. माझा सहा एकर कापूस आहे. वेचाईला बाया भेटत नाहीत, किलोमागे दहा रुपये म्हटलं तरी तोंड फिरवतात. सरकारनं घरबसल्या पंधराशे देऊन बायांना आळशी करून ठेवलं अन् नवरे त्या पैशाची दारू पितात. हे फुकट वाटप बंद व्हायला पाहिजे की नाही, स्पष्ट लिहा. (एक शेतकरी, जिल्हा वर्धा)

ताई : भाऊ, स्पष्टच लिहिते, राग मानू नका. तुमचाच भाव धरू. हात चालणारी बाई दिवसाला तीस-चाळीस किलो वेचते, म्हणजे तीन-चारशे रुपये. पंधराशे म्हणजे तिची चार-पाच दिवसांची मजुरी झाली. चार दिवसांच्या मजुरीवर कोणी तीस दिवस बाजेवर पडून राहते का हो? अन् तुमच्याही खात्यात वर्षाला बारा हजार पडतातच ना, त्यानं तुम्ही आळशी झाले असं मी तरी कोणाकडून ऐकलं नाही.

पण तुमची तक्रार साफ खोटी आहे असंही मी म्हणणार नाही, बाया पहिल्यासारख्या येत नाहीत हे खरं आहे. काहून येत नाहीत ते बघा. निंदण संपलं की सीतादहीपर्यंत, म्हणजे कापूस वेचाईच्या मुहूर्ताच्या पूजेपर्यंत, मधात महिना-दीड महिना हाताला काम नसते. त्यात पोळा येते, महालक्ष्म्या येतात, लेकराचं आजारपण येते. त्या दिवसांत मजूर बाई कोणा ना कोणा शेतकऱ्याकडून उचल घेत होती, हजार-दोन हजार, अन् त्या उचलीच्या बदल्यात वेचाई सुरू झाली की आधी त्याच्या वावरात, तो म्हणेल त्या भावानं. बाजूच्या वावरात दोन रुपये जास्त भेटत असले तरी जाता येत नव्हतं. मी बारा-तेरा वर्षं गटाच्या वह्या लिहिल्या, भादव्यात उचल न घेतलेली मजूर बाई दाखवा म्हटलं असतं तर पंचाईत झाली असती. आता त्याच महिन्यात पंधराशे येतात अन् उचल घ्यावी लागत नाही. ती बाई घरी बसली नाही भाऊ, ती भाव विचारते. जास्त भाव देईल त्याच्या ऑटोत बसून दुसऱ्या गावाला जाते. तुम्हाला ती आळशी दिसते कारण ती तुमच्या वावरात नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात हे करूनच बघितलंय. २०११-१२ मध्ये सेवा या बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या पैशातून तिथल्या आठ गावांत सगळ्यांना, गरीब-श्रीमंत न बघता, मोठ्या माणसाला महिना २०० अन् लेकरामागं १०० रुपये दिले, नंतर ३०० अन् १५० केले, दीडेक वर्ष. अट कोणतीच नाही. शेजारच्या पैसे न मिळणाऱ्या गावांशी तुलना केली तर दारू वाढलेली दिसली नाही, खाणंपिणं सुधारलं, लोकांनी बकऱ्या-म्हशी घेतल्या, बी-खत घेतलं. अन् एक गोष्ट तुमच्या कामाची, लोकांनी काम सोडलं नाही पण दुसऱ्याकडची मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यात जास्त राबायला लागले, आदिवासी गावात तर जास्तच. म्हणजे तुमच्यासारख्याला मजूर कमी पडणारच, ते मी लपवत नाही.

केनियातही तेच. तिथं गिव्हडायरेक्टली नावाची संस्था मोबाईलवरून थेट पैसे देते, २०११ ते २०१३ मध्ये पश्चिम केनियातल्या खेड्यांत त्याचा अभ्यास झाला. दारू-तंबाखूचा खर्च वाढला नाही. लोकांनी काय केलं तर जनावरं घेतली अन् घरावरचं गवत काढून टिनाचे पत्रे टाकले. मला ते वाचून आमचं जुनं घर आठवलं, दर मिरगाच्या आधी छपरावरचे कवेलू फेरायचे, माणूस लावायचा, तरी आषाढात गळत्या पाण्याखाली जर्मनचं गंज कुठं ठेवायचं ते ठरलेलंच. टिन एकदा टाकलं की दरवर्षीचा तो खर्च वाचते, गरिबाला हे कळते, फक्त एकदम एवढे पैसे कधी हातात नसतात.

दारूचं म्हणाल तर आपला वर्धा जिल्हा गांधीजींचा म्हणून कागदावर दारूबंदीचा, अन् तरी कोणत्या गावात भेटत नाही ते तुम्हीच सांगा. पिणारा पंधराशेच्या आधीही पीत होता. काही घरी नवरा बाईच्या हातातून पैसे ओढून नेते हे मी बघितलंय, पण तो त्या नवऱ्याचा गुन्हा आहे, पैशाचा नाही.

वेचाईला बाया पाहिजे असतील तर भाव वाढवा अन् आणायला-सोडायला गाडी द्या. कापसाच्या भावात तुम्हाला ते परवडत नाही हेही मला माहीत आहे, २०२५ ला बीटी कापसाच्या बियाण्याचं एक पाकीट ९०१ रुपयांवर गेलं, पीएम किसानच्या एका हप्त्यात दोन पाकिटं आली की संपला हप्ता. पण तुमचं भांडण कापसाच्या भावाशी आहे, ते बाईच्या पंधराशेवर कशाला काढता?

सवाल : ताई नमस्कार, आमच्या घरी जमीन नाही, मालक (माझे नवरे) दुसऱ्याची दोन एकर मक्त्यानं करतात. मला पंधराशे येतात. मालक म्हणतात मोबाईल घेऊ हप्त्यानं, गटातल्या बाया म्हणतात फायनान्सचं चाळीस हजाराचं लोन घे, पंधराशे येतातच तर हप्ता निघून जाईल. मला बकरी घ्यायची आहे. काय करू? (तालुका मानोरा)

ताई : लोन घेऊ नको. घेऊ नको म्हणजे नकोच. सरकारचा हप्ता कधी महिन्याला येते, कधी दोन महिन्याचे एकत्र येतात, केवायसी राहिलं तर थांबते, अन् फायनान्सवाला पोरगा मात्र ठरलेल्या वारी सकाळी दारात उभा राहते. त्याला तुझी केवायसी सांगून उपयोग नाही. वरून मक्त्याच्या जमिनीवर पीएम किसानही भेटत नाही, सातबारा जमीनवाल्याच्या नावाचा, पैसे त्याला, राबता तुम्ही. म्हणजे तुझ्या घरात ठरलेला पैसा हाच एक.

बकरी चांगली, पण त्याच्याही आधी किराण्याची उधारी फेड. आमच्या गावातल्या एका बाईचं सांगते. दुकानात तिची वही दहा-बारा वर्षं चालू होती, कधी कोरी झालीच नाही. पहिले पाच महिने तिनं पूर्ण पंधराशे दुकानात दिले, घरी भांडण झालं तरी दिले. पाचव्या महिन्यात दुकानदारानं तिच्या पानावर आडवी रेघ मारली. मी तिथंच साबण घ्यायला उभी होते. तिनं एक किलो साखर मागितली, त्यानं तराजूवर पुडी ठेवली, अन् ही म्हणते, भाऊ, तो काटा जरा माझ्याकडं फिरवा. त्यानं फिरवला. नऊशे साठ. वर चाळीस ग्रॅम टाकावे लागले. मी तिला बाहेर आल्यावर म्हटलं, आधी कधी विचारलं नाही का वं, तर म्हणे उधारीवाल्याला काटा कोण दाखवते. अन् तेलाच्या पुड्यामागं उधारीचा पाच-दहा रुपये जास्त भाव लागत होता तोही गेला. ते कोणत्या वहीत लिहिलेलं नसते.

उधारी फिटली की बकरीसाठी वेगळे ठेव, मोठी बकरी नको, पाठ (लहान बकरी) घे, स्वस्त पडते अन् घरी वाढते. चाऱ्याचं अन् राखायचं कोण बघेल ते आधी ठरव, नाही तर वेचाईच्या दिवसात घरच्या पोरीची शाळा बुडते, हे मी चार घरी बघितलंय. मालकाला मोबाईल पाहिजे तर मक्त्याच्या तुरीतून घेऊ दे. अन् पैसे काढायचा अंगठा लावायला स्वतः जा, नोटा तिथंच मोज, पावती माग. बँकमित्र (गावात बँकेचे पैसे देणारा) पावती देत नसेल तर मागच्या रांगेला ऐकू जाईल असं विचार.

सवाल : आमच्या केशरी कार्डावर रेशनचं धान्य बंद होऊन आता पैसे येतात. मला पैसे बरे वाटतात, आजी म्हणते धान्यच बरं होतं. कोण बरोबर? (कॉलेजचा विद्यार्थी, जिल्हा वाशिम)

ताई : आजी. २०२३ च्या जानेवारीपासून मराठवाड्याचे आठ अन् आपले सहा जिल्हे, अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा, इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी पाच किलो धान्याच्या बदल्यात आधी १५० अन् नंतर १७० रुपये केले. घरात पाच माणसं तर ८५०. पहिले तेच पंचवीस किलो दोन रुपयाचा गहू, तीन रुपयाचा तांदूळ असे घरी येत होते. आता ८५० घेऊन दुकानात जा अन् गहू-तांदळाचा भाव विचार, मग आजीशी भांड. धान्य महाग झालं तरी पाच किलो ते पाच किलोच राहते, १७० रुपयाचं मात्र दरवर्षी कमी धान्य येईल. अन् कोठीतला गहू कोणी उसना मागत नाही, खात्यातले पैसे सगळ्यांना दिसतात. मी वर पैशाच्या बाजूनं एवढं लिहिलं म्हणून इथंही पैसेच बरे म्हणेन असं नाही, आधीच्या पैशानं घरात भर पडली, इथं घरातलं एक काढून दुसरं दिलं.

एक काम कर. हे पैसे कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख असेल तिच्या खात्यात जायला पाहिजेत. तुमच्या कार्डावर आजीचं नाव असेल तर तिचं पासबुक घेऊन बँकेत जा, सगळ्या नोंदी भरून आण अन् तिला एक-एक वाचून दाखव. किती महिने आले, किती नाही आले, ते मला परत लिहून कळव.