बिलात न धरलेली बेचाळीस मिनिटं

"मॅडम, दिवसभर मान वर करायला फुरसत नसते; पण रात्री टाइमशीट भरायला बसलं की वाटतं, आज आपण काहीच केलं नाही." माझ्याकडे समुपदेशनाला येणारे लॉ फर्ममधले वकील हे मला इतक्यांदा सांगून गेलेत की पुढचं वाक्यही आता पाठ झालंय. (टाइमशीट म्हणजे कुठल्या अशिलाच्या कामाला किती वेळ दिला, याची रोजची नोंद.)

त्यातलेच एक सीनियर असोसिएट, म्हणजे अजून फर्मचे भागीदार (पार्टनर) न झालेले अनुभवी वकील. (ओळख अर्थातच बदलली आहे.) पहिल्याच भेटीत घड्याळ बघत म्हणाले, "ही पन्नास मिनिटं कुणाच्या नावावर टाकू?" मला हसू आलं नाही. फी मीही वेळेवरच घेते.

अशा अनेक फर्ममध्ये दिवस सहा-सहा मिनिटांनी मोजतात. अठरा मिनिटांचा फोन म्हणजे ०.३ तास. अशिलाला लावता येत नाही ते सगळं 'नॉन-बिलेबल'. १९५८मध्ये अमेरिकन बार असोसिएशनच्या पुस्तिकेने वर्षाला साधारण १३०० बिलेबल तास धरले होते. आज तिथल्या मोठ्या फर्ममध्ये १९०० ते २००० चं लक्ष्य नवलाचं नाही.

'काम कमी करा' हा सल्ला या असोसिएटना सगळीकडून मिळाला होता. मी तो देत नाही. माणूस स्वतःला काय सुनावतो, ते आधी ऐकते.

"रोज बिलाचे आठ तास भरायलाच हवेत."

"नाही भरले तर?"

"बोनस जातो."

"आणि?"

बऱ्याच वेळाने म्हणाले, "आणि मी फुकट बसलो होतो."

बोनसचा नियम फर्मचा. हे दुसरं वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं, आणि छळत होतं तेच.

मी त्यांना आठवडाभर बिलात न धरलेलं सगळं वहीत लिहायला सांगितलं. पुढच्या भेटीत वाचू लागले: "ज्युनिअरच्या मसुद्यातलं नुकसानभरपाईचं कलम तिच्या शेजारी बसून तिच्याकडूनच पुन्हा लिहून घेतलं. ४२ मिनिटं. शून्य." तिथेच अडखळले. "माझे पहिले सीनियर असेच बसायचे माझ्याजवळ."

"त्यांची ती मिनिटं कुठे गेली?"

"बिलात नक्की नाही," म्हणाले, आणि इतक्या भेटींत पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. हे पाठ टेकणं मी बरोबर ओळखते. खरं काम तिथून सुरू होतं.

टाइमशीट खोटी नसते. पण ती अशिलाच्या बिलासाठीची नोंद आहे, आणि आपण तिला प्रगतिपुस्तक समजतो. ती रात्री आठवून भरू नका, काम संपलं की लगेच भरा. निम्मी घालमेल तिथेच कमी होते. शिकवण्याचे तास धरतात का, हे पार्टनरना विचारा. काही फर्म मर्यादेपर्यंत धरतात. आणि बारा तास बसून महिनोन्‌महिने सहाच भरत असतील, तर तो मनाचा नव्हे, कामाच्या वाटपाचा प्रश्न आहे. आकडे घेऊन बोला.

त्यांनी विचारलं. महिन्याला चार तास मंजूर झाले. मला वाटलं, खूश होऊन येतील. आले ते कुरकुरतच. ज्युनिअरला म्हणे सहा लागतात.