ब्रेकचा लाल दिवा : विझवण्याआधी तेल का घटले ते पाहा

प्रश्न : हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही वळण घेताना किंवा ब्रेक जोरात दाबल्यावर लाल दिवा क्षणभर लागतो आणि लगेच विझतो. ब्रेक मात्र नेहमीसारखे लागतात. टाकीत ब्रेक ऑइल भरून घेतले की काम भागेल का?

उत्तर : दिवा विझेल, पण काम भागणार नाही. बॉनेट उघडल्यावर मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलावर दाब आणणाऱ्या भागावर) बसवलेली अर्धपारदर्शक टाकी दिसते आणि तिच्यावर कमाल व किमान अशा दोन रेषा असतात. गाडी सपाट जागी उभी करून पातळी पाहा. ती किमान रेषेला टेकलेली असण्याचा संभव मोठा आहे. टाकीतला फ्लोट, म्हणजे तेलावर तरंगणारा तुकडा, त्या पातळीला आला की दिव्याचा स्विच लागतो, आणि तेल अगदी काठावर असले की वळणावर ते हिंदकळताच फ्लोट खाली जाऊन दिवा लुकलुकतो. पातळी व्यवस्थित असेल, तर हँडब्रेकच्या दांड्याखालचा स्विच अडकला आहे का, हे तपासून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. ब्रेकचे तेल बंदिस्त असते, ते इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. त्यामुळे ते घटले असेल तर एक तर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाणारे पॅड झिजले आहेत किंवा कुठे तरी गळती आहे. पॅड झिजतात तसे ते दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकत जातात आणि त्यांच्या मागे झालेली जागा टाकीतले तेल भरून काढते, म्हणून महिनोन्‌महिने हळूहळू उतरलेली पातळी बहुधा पॅडची झीज दाखवते. अशा वेळी वरून तेल ओतले तर झीज तशीच राहते आणि तिची सूचना देणारा दिवा तेवढा गप्प होतो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच तेल टाकीतून उतू जाते, आणि ते गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उचलला जातो.

पातळी चार-आठ दिवसांत उतरली असेल, तर मात्र गळतीच समजावी. चाकांच्या आतल्या बाजूला, रबरी होजच्या जोडांपाशी आणि मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमच्या खालच्या कडेला ओल आहे का ते पाहावे. बाहेर काहीच दिसले नाही तरी निर्धास्त राहू नये, कारण मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले की तेल पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये उतरते आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. दिवा सतत लागून राहिला किंवा दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाऊ लागले, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. ती टो करूनच न्यावी.

प्रश्न : लाल दिव्याबरोबर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवाही लागला आहे. पेडल ठीक वाटते, तर काही दिवस गाडी वापरता येईल का?

उत्तर : वापरू नये. एकटा पिवळा दिवा असता, तर साधे ब्रेक शाबूत आहेत आणि फक्त एबीएस बंद आहे, असा अर्थ झाला असता. त्याचे कारण अनेकदा चाकाजवळचा मळलेला सेन्सर किंवा तुटलेली वायर असते. दोन्ही दिवे एकत्र लागतात तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, आणि मग जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके आधी जखडून गाडी फिरण्याचा धोका असतो. पेडल ठीक वाटते यावरून हा दोष कळत नाही. आधी तेलाची पातळी पाहावी आणि नंतर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचून घ्यावा.

प्रश्न : गाडी फारच कमी चालते. तरीही दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. ते खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : होय, कारण हे तेल गाडी उभी असतानाही खराब होत असते. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची ब्रेक ऑइले हवेतला ओलावा शोषून घेतात. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सारखे ब्रेक दाबत गेल्यास कॅलिपरमधले तेल इतके तापू शकते की त्यातल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. उतारावर खालचा गिअर ठेवायला सांगतात तो याच कारणासाठी.

तेल कोणते वापरायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. सिलिकॉनचे डॉट ५ हे डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये, डॉट ५.१ हे डॉट ५ हून निराळे तेल आहे. बाटली उघडून बरेच दिवस ठेवलेले तेलही वापरू नये.

प्रश्न : पॅड झिजल्याचे घरी ओळखता येते का?

उत्तर : पुढच्या चाकांचे बहुतेक वेळा ओळखता येते. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० मिलिमीटर जाड असते आणि ते ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलावेत. चाकाच्या फटींतून टॉर्च मारल्यावर बाहेरचा पॅड दिसतो, मात्र आतला कित्येकदा त्याहून जास्त झिजलेला असतो, म्हणून चाक काढलेले असेल तेव्हा दोन्ही पाहून घ्यावेत. काही पॅडवर पत्र्याची लहान पट्टी असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून किंचाळल्यासारखा आवाज करते. खरखरीत, धातूवर धातू घासल्याचा आवाज येऊ लागला, तर अस्तर संपून आता डिस्क कापली जात आहे, असे समजावे. पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत आणि डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहावी.