जुनी 100 सीसी कार्ट घ्यावी का?

म्हापशाच्या एका तरुणाने विचारलंय, की 100 सीसीची, एअर-कूल्ड, क्लच नसलेली जुनी कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) स्वस्तात मिळतेय. ती कुठल्या वर्गात उतरवता येईल, आणि असे वर्ग बंद का पडले?

स्पर्धेसाठी घेत असाल तर घेऊ नका. आपल्या राष्ट्रीय कार्टिंगमध्ये गेली अनेक वर्षं रोटॅक्स कंपनीचं मॅक्स हे 125 सीसी इंजिन चालतंय. शिकायला आणि इंजिनाला हात लावायला मात्र हिच्यासारखी गाडी नाही, हे मी मनापासून सांगतो.

100 सीसीची इंजिनं कमी धावायची म्हणून गेली नाहीत. उलट, त्यांचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, सतत वाढत गेले, तसा दुरुस्तीचा खर्चही वाढला. आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला ए वर्गाची जागा 2007 मध्ये 125 सीसीच्या केएफ या वर्गाने घेतली. स्टार्टर आला, क्लच आला, आरपीएमला मर्यादा आली. पण त्याबरोबर वजन आणि भानगडीही आल्या, शर्यतीत उतरणाऱ्या गाड्या घटल्या. 2016 मध्ये ओके वर्ग आला तेव्हा क्लच आणि स्टार्टर पुन्हा काढून टाकले. म्हणजे तुमच्या जुन्या कार्टमागचा विचार चुकीचा नव्हता.

आपल्याकडे मारुती 800 च्या तीन सिलिंडरच्या 796 सीसी इंजिनावर करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती ही एकाच माणसाची रेसिंग गाडी उभी केली. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन तिच्यातूनच पुढे गेला. ते इंजिन गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही उघडता यायचं, हीच तिची ताकद. रस्त्यावरच्या गाड्या पुढे गेल्या आणि ती मागे पडली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या कार्टविषयी. हडफड्याच्या ट्रॅकवरच्या भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टची सवय घेऊन हिच्यात बसू नका. चेन थेट क्रँकला जोडलेली असते. चाकं फिरली की इंजिन फिरतं, म्हणून गाडी ढकलून सुरू करावी लागते आणि गिरकी घेऊन थांबलात की पुन्हा कुणीतरी ढकलायला हवं. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. लांब सरळ पट्ट्यावरून आलात आणि ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढलात, तर पेट्रोल थांबतं; इंजिन गरगरतंय पण ऑइल बंद! पिस्टन तिथेच अडकून बसतो. त्यामुळे जुने चालक वळणाआधी हवा ओढणाऱ्या तोंडावर क्षणभर तळहात ठेवायचे, म्हणजे मिश्रण दाट होऊन ऑइल आत जायचं. माझा पहिला पिस्टन हे कळायच्या आधी गेला.

गोव्यात दुसरा शत्रू पावसाळा. जूनमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं इंजिन चवथीनंतर उघडलं, की क्रँकच्या बेअरिंगला गंज. ठेवण्याआधी प्लग काढून आत टू-स्ट्रोक ऑइल सोडा, क्रँक हाताने फिरवा, आणि दर आठवड्याला तेच पुन्हा.

पैसे देण्याआधी पिस्टन, रिंगा आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कुठे मिळतो ते विकणाऱ्यालाच विचारा. मग प्लग काढून मागची चाकं उचला आणि हाताने फिरवा. खरखर लागली तर नवा क्रँक लागणार असं धरूनच भाव करा.