सातारा की सांगली? घर बघण्याआधी एवढं वाचा

नोकरी दोन्हीकडे मिळतेय आणि डोंगराची ओढ आहे म्हणालात, तर माझं मत सरळ आहे: सातारा. अजिंक्यतारा किल्ला शहरालाच लागून आहे. पहाटे साडेपाचला बूट चढवायचे, तासाभरात किल्ल्याच्या दरवाज्यात, आठला घरी चहा. सायकलला यवतेश्वरचा घाट आहे, फुलांचं कास पठार साधारण 25 किलोमीटर.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- सप्टेंबरात कास फुललेलं बघून भुलतात. जुलैच्या झडीत आणि एप्रिलच्या दुपारीही एकेक फेरी मारा.
- रविवारचा विचार करतात. मंगळवारी कामाआधी काय जमेल, ते बघा. रोजचा अर्धा तासच माणसाला टिकवतो.

सांगलीत सपाट रस्ते आणि कृष्णा आहे. सुट्टीला दंडोबाचा डोंगर, सागरेश्वर अभयारण्य. नदीत मगरी दिसतात, त्यामुळे रोज पोहणाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. आणि 2019 च्या पुराचं पाणी तुम्ही घर बघाल त्या गल्लीत कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

घर लगेच विकत घेऊ नका. आधी सहा महिने किल्ल्याच्या पायथ्याशी भाड्यानं राहा. आलात की कळवा, पहिल्या चढाईला मी येतो.