बोअरचं पाणी अन् गच्चीवरचा सोलर

प्रश्न: लातूरला घर आहे, माणसं पाच. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर चढतो. गरम पाण्याचा सोलर बसवायचाय, काचेच्या नळ्यांचा घेऊ का तांब्याच्या पाइपाचा, सपाट पॅनलवाला?

उत्तर: तुमच्या बादलीनंच उत्तर दिलंय बघा. सपाटवाल्यात तांब्याचे पाइप बारीक, क्षारानं चोंदतात, नळ्यांतही क्षार बसतोच पण नळी काढून धुता तरी येते, म्हणून नळ्यांचाच घ्या. बादलीनं आंघोळ असेल तर 150 लिटर बास, शॉवर असला तर 200. तोंड दक्षिणेला, अन् गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे, पंपबिंप लागत नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं.

आपल्याकडचा खरा घोळ उन्हाळ्यात. बोअर आटतो, टाकी कोरडी, नळ्या नुसत्या तापत पडलेल्या, तेवढ्यात टँकर येतो अन् आपण भर बाराला पाणी सोडतो की नळी तडकन् फुटते. आमच्या दोन अशाच गेल्या, टँकर आल्याच्या आनंदात! रिकामा सोलर भरायचा तो उजाडायच्या आत, अन् पाणी नसेल तेव्हा नळ्यांवर गोणपाट टाकून ठेवा.