नाशिकहून न्यू जर्सी किती दूर?

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर किती आणि प्रवासाला किती तास लागतात, असे तुम्ही विचारले आहे, कारण न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सीतली नोकरी स्वीकारायची की नाही हे ठरवायचे असून आई-वडील नाशिकलाच राहणार आहेत. हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि थेट विमानाला साधारण 16 तास लागतात. जाताना पश्चिमेचे वारे समोरून येतात म्हणून वेळ अधिक लागतो, तर परतताना तेच वारे पाठीशी असतात. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्याने वळसाही पडतो.

परंतु ज्या काळजीने तुम्ही विचारता आहात, तिला हे 16 तास पुरेसे नाहीत. कसारा घाटातून किंवा समृद्धी महामार्गाने मुंबई गाठणे, उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर होणे आणि उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग हे सारे धरले, तर सर्व काही सुरळीत होऊनही एक अख्खा दिवस जातो. शिवाय निघता येण्यासाठी कागद तयार असावे लागतात, आणि माझे नेमके तेथेच अडले.

वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा माझा अमेरिकेत राहण्याचा परवाना वैध होता, पण पासपोर्टवरील एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीसाठीच्या, व्हिसाची मुदत संपलेली होती. भारतात गेल्यास नवा व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येणार नव्हते आणि मुलाखतीची तारीख मिळत नव्हती. नोकरी जाईल का, या विचारात निघायला उशीर झाला. अंत्यसंस्कार धाकट्या भावाने केले. मी रामकुंडावर दहाव्यालाच पोहोचले. पुढे तारखेची वाट पाहत राहिल्यामुळे मुलीची शाळा बुडाली, तेव्हा शाळेने पत्र पाठवले की आजोबांच्या निधनानंतरचे मोजके दिवस रजेत धरता येतील, उरलेले विनापरवानगी गैरहजेरीत जातील. ते पत्र मुलीने स्वतः वाचले, याचा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

एकटेपणाचे फार मनावर घेऊ नका. गणपतीला माणसे जमतात, कामात आठवडे जातात. आईशी बोलायचे, तर वेळेतला फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो. हिवाळ्यात माझे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिचे सकाळचे साडेसात झालेले असतात, आणि तब्येतीचे विचारले की ती देवपूजेचे सांगते. तिला येथे आणावे असे फार वाटते, पण गुडघ्यांमुळे आता तिला इतके तास बसवत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी कंपनीला हे विचारा की घरी आणीबाणी आली आणि व्हिसा भारतात अडकला, तर नाशिकहून काम करू देणार का. आणि ते लेखी घ्या. आई-वडिलांचे पासपोर्ट व पर्यटक व्हिसा त्यांचे गुडघे साथ देत आहेत तोवर काढून ठेवा, आणि तिकीट घेताना चार पैसे जास्त लागले तरी थेट विमानाचे घेऊन व्हीलचेअरची मागणी त्याच वेळी नोंदवा.