तत्त्वज्ञान घेऊन पोरगी पोट कसं भरणार?

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेतून पास झाली. तर्कशास्त्रात गुण उत्तम आहेत. आता बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणते. हे तर म्हातारपणी वाचायचं! नोकरी कुठे मिळणार? – एक शेतकरी, ता. चोपडा

भाऊसाहेब, नमस्कार.

तत्त्वज्ञान म्हणजे पोथी-प्रवचन नव्हे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात थेलीस या ग्रीक विचारवंताने देवकथा बाजूला ठेवून जग कशाचं बनलं हे विचारलं. आपल्याकडे उपनिषदांनी असेच प्रश्न केले आणि चार्वाक या जडवादी विचारवंतांनी तर प्रत्यक्ष अनुभवाखेरीज ज्ञानाचं दुसरं प्रमाणच (साधनच) नाकारलं. आहे काय, हे सत्ताशास्त्र पाहतं. ते कळतं कसं, हे ज्ञानमीमांसा. वागावं कसं, हे नीतिशास्त्र. सौंदर्यशास्त्र कलेचा विचार करतं.

तर्कशास्त्र मात्र या सगळ्यांना लागतं आणि मुलं अडतात ती तिथेच. न्यायदर्शन या आपल्या जुन्या तर्कपरंपरेतलं अनुमान घ्या, म्हणजे दिसतं त्यावरून न दिसणारं ओळखणं. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथे तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. या पाच पायऱ्यांची प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही नावं सगळे घोकतात. पण ‘जिथे आग तिथे धूर’ असं उलटं का चालत नाही, हे विचारलं की गप्प. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो! हे तुमच्या मुलीला स्वतःहून सुचत असेल, तर तिला अडवू नका.

आता पोटाचं. प्राध्यापकीसाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. जागा थोड्या आहेत, एवढ्याच भरवशावर राहू नये. यूपीएससीत हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा, शिवाय नीतिशास्त्राचा पेपर २५० गुणांचा सर्वांनाच असतो. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. हा मला सर्वांत भक्कम रस्ता वाटतो. युक्तिवाद तपासायची सवय तिथे रोज कामी येते.

तुमच्या शेजारच्या अमळनेरात १९१६ साली गिरणीमालक प्रताप शेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी राहिली. साने गुरुजीही तिथे येऊन राहिले होते. मुलीला एकदा तिथे घेऊन जा.

फी भरण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचारा : तिसऱ्या वर्षापर्यंत तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून मिळतं का, आणि त्याला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का. नाहीतर दुसऱ्या वर्षी विषय बदलावा लागतो. जोडीला राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या. आणि रोज दोन पानं इंग्रजी वाचन आतापासूनच लावा, एम.ए.ची बरीचशी पुस्तकं इंग्रजीतच आहेत.